पाटीवर ६०, पडद्यावर २२

मुंबईहून अहमदाबादकडे निघालेली विजेवरची मोटार कामरेजला थांबते, ती चहासाठी थांबत नाही. मुंबई-अहमदाबाद अंतर सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि कामरेज जवळजवळ मध्यावर येते. पूर्वीचा ८ आणि आताचा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथे तापी ओलांडतो आणि वराछावरून सुरत शहरात शिरणारा रस्ता इथेच फुटतो. पेट्रोलच्या गाडीला हा थांबा ऐच्छिक आहे. विजेच्या गाडीला तो बहुधा भागच पडतो, कारण कंपनीच्या माहितीपत्रकातला पल्ला आणि ताशी शंभराच्या वेगाने महामार्गावर मिळणारा पल्ला यांत बरेच अंतर असते. अडीचशे किलोमीटर झाले की मध्यम आकाराच्या बॅटरीचा आकडा विशीच्या घरात किंवा त्याखाली आलेला असतो.

मग महामार्गालगतच्या एखाद्या हॉटेलच्या आवारात गाडी उभी राहते. चार्जरच्या पाटीवर ६० किलोवॅट लिहिलेले असते, शेजारी 'फास्ट' हा शब्द आणि विजेची नागमोडी खूण. गन लावली, ॲपवरून पैसे भरले, पंखे घरघरू लागले आणि पडद्यावर आकडा उमटला: २२ किलोवॅट. अर्ध्या तासाचा हिशेब करून थांबलेले कुटुंब सव्वा तास अडकते. पर्यटनाला निघालेल्यांचे यात फारसे बिघडत नाही. पण उधना-लिंबायतच्या वस्तीतून खानदेशी माणसांना लग्नाकार्याला नेणारा-आणणारा टॅक्सीवाला असेल, तर त्याची एक फेरी बुडते. अशा वेळी संशय तीन जागी जातो: केंद्रवाला लबाड आहे, यंत्र बिघडले आहे किंवा आपली गाडीच फसवी निघाली. क्वचित यांतले काही खरेही असते. बहुतेक वेळा मात्र तिघेही निर्दोष असतात आणि आकडा २२च असायला हवा असतो. तो तसा का असतो, हे उलगडण्याआधी थोडे शब्दांकडे पाहावे लागेल, कारण निम्मा घोटाळा शब्दांचा आहे.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण कार्य, ऊर्जा आणि शक्ती या तीन संज्ञा शिकलो. किलोवॅट हे शक्तीचे एकक आहे. किलोवॅट-तास हे ऊर्जेचे एकक असून घरच्या वीजबिलात त्यालाच 'युनिट' म्हणतात. बॅटरीत किती मावते ते युनिटांत सांगायचे आणि ते किती वेगाने आत जाते ते किलोवॅटमध्ये. टाकी किती लिटरची हा एक प्रश्न आणि नळ मिनिटाला किती लिटर सोडतो हा दुसरा. गाडी विकताना दोन्ही आकडे सांगितले जातात आणि विकत घेणारा त्यांची सरमिसळ करतो. "साठची बॅटरी" आणि "साठचा चार्जर" ही बोलण्यातली रूपे तर अगदी जुळ्या भावंडांसारखी आहेत.

'चार्ज' या शब्दाची गत त्याहून वाईट. इंग्रजीत तो एकच शब्द तीन कामे करतो, मराठीने ती तीन शब्दांत वाटून घेतली. पदार्थविज्ञानातला तो 'प्रभार', वीजबिलातला तो 'आकार' (स्थिर आकार, वहन आकार, वीज आकार) आणि गाडी किंवा फोन भरण्याच्या क्रियेला सरळ 'चार्ज करणे'. ही वाटणी मला सोयीची वाटते, इंग्रजीपेक्षाही. गोंधळ होतो तो 'भार' या शब्दाशी. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' असे छापलेले असते, म्हणजे जोडणीवर एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट ओढण्याची परवानगी आहे तो आकडा. कामरेजला मात्र शाळेतून आलेला गुजराती मुलगा 'विद्युतभार' म्हणतो तेव्हा त्याच्या पुस्तकात त्याचा अर्थ आपला 'प्रभार' असा असतो. हिंदी पुस्तकात त्यालाच 'आवेश' म्हटलेले आढळेल.

कामरेज हे गाव स्वातंत्र्यापूर्वी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते आणि त्याच संस्थानात सयाजीराव गायकवाडांच्या प्रेरणेने 'श्री सयाजी शासन कल्पतरु' हा आठ भाषांतील राज्यव्यवहाराचा कोश १९३१ साली निघाला. इंग्रजी संज्ञेसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू, फारसी असे पर्याय मांडून ठेवण्याचा तो उद्योग होता. महामार्गावरच्या चार्जरला आज तसल्याच एका पानभर कोशाची गरज आहे. असो.

सरकारलाही शब्दाचा प्रश्न पडला होता. वीज कायदा २००३ प्रमाणे परवान्याशिवाय वीज विकता येत नाही. मग हॉटेलवाला गाडीत वीज भरून पैसे घेतो ते काय? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्ट केले की बॅटरी चार्ज करून देणे ही विजेची विक्री नव्हे, ती सेवा आहे. या एका खुलाशामुळे महामार्गालगत चार्जर उभे करणे कोणालाही शक्य झाले. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही अंगांना दर २५ किलोमीटरवर एक केंद्र असावे, असे उद्दिष्ट घातले गेले. केंद्रे वाढली. 'फास्ट' या शब्दाचा अर्थ मात्र पाट्यांवर सैलच राहिला. सुरुवातीच्या काळात आलेले 'भारत डीसी-००१' जातीचे चार्जर १५ किलोवॅटचे होते. आज ३०, ६०, १२०, २४० असे सगळेच एकाच विशेषणाखाली नांदतात.

आता मूळ प्रश्नाकडे. घरच्या प्लगमधून येते ती उलटसुलट वाहणारी वीज, म्हणजे एसी. बॅटरीत साठते ती एकाच दिशेची, डीसी. घरी गाडी लावतो तेव्हा हे रूपांतर गाडीतल्या छोट्या यंत्रात होते आणि त्याची ताकद बहुधा ३.३ किंवा ७.२ किलोवॅट इतकीच असते. वेगवान केंद्रावर रूपांतराचे मोठे यंत्र जमिनीवरच्या कपाटात असते आणि डीसी वीज थेट बॅटरीपाशी पोचवली जाते. एवढ्यावरून असे वाटते की कपाट वीज ढकलते आणि बॅटरी मुकाट्याने घेते. प्रत्यक्षात उलटे घडते. गनच्या दोन जाड तारांबरोबर काही बारीक तारा असतात. त्यांच्यावरून गाडी आणि चार्जर यांचे बोलणे चालते. गाडी सांगते, "मला या घडीला इतके व्होल्ट आणि इतके अँपिअर हवेत." चार्जर तेवढेच देतो, किंवा त्याला जमत असेल त्याहून कमी. जास्त कधीच देत नाही. पुढच्या क्षणी गाडी नवी मागणी करते. मागणी ठरवणारा असतो बॅटरीतला व्यवस्थापक, म्हणजे बीएमएस हे छोटे संगणकमंडळ. वेगाची किल्ली त्याच्या हाती असते, पाटीच्या हाती नाही.

म्हणून पहिला प्रश्न गाडीला विचारावा. टाटांची २०२३ साली आलेली ४०.५ युनिट बॅटरीची नेक्सॉन घ्या. १० पासून ८० टक्के भरायला वेगवान चार्जरवर ५६ मिनिटे, असे कंपनीच सांगत होती. सत्तर टक्के म्हणजे २८ युनिट आणि थोडे. ते ५६ मिनिटांत भरायचे तर सरासरी शक्ती होते ३० किलोवॅट. ६० ची पाटी पाहून कोणी २८ मिनिटांचा हिशेब केला तर तो माहितीपत्रकाशीच विसंगत आहे. चार्जर १२० चा असता तरी या गाडीची सरासरी ३० च राहिली असती. दुसऱ्या टोकाला महिंद्रांची २०२४ अखेरीस आलेली ७९ युनिटांची गाडी आहे. तिची घोषणा अशी की १७५ किलोवॅटचा चार्जर असेल तर २० पासून ८० टक्के वीस मिनिटांत. तीच गाडी कामरेजला ६० च्या चार्जरवर लावली तर ४७ युनिट भरायला, सगळे सुरळीत असले तरी, पाऊण तासाहून जास्त लागेल. एकाच चार्जरला शेजारी शेजारी उभ्या असलेल्या या दोन गाड्यांचे मालक एकाच शब्दांत तक्रार करतील आणि दोघांची कारणे नेमकी विरुद्ध असतील. एकाची गाडी अरुंद, दुसऱ्याचा चार्जर अरुंद.

पाटीवरचा आकडाही जरा सावधपणे वाचावा लागतो. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. चार्जरची केबल आणि आतली यंत्रणा ठरावीक अँपिअरच वाहू शकतात. ५० किलोवॅट म्हणून विकल्या गेलेल्या जुन्या जातीच्या चार्जरांची मर्यादा बहुधा १२५ अँपिअर असे. बॅटरी ४०० व्होल्टची असेल तर ४०० गुणिले १२५ बरोबर ५० किलोवॅट, हिशेब जमला. पण भारतातल्या अनेक लहान-मध्यम गाड्यांची बॅटरी ३२० व्होल्टच्या आसपास असते. तिथे ३२० गुणिले १२५ म्हणजे ४० किलोवॅट. पाटी खोटी नाही, पण ती ज्या व्होल्टसाठी खरी आहे ते व्होल्ट तुमच्या गाडीत नाहीत. पडद्यावर किलोवॅटच्या जोडीला व्होल्ट आणि अँपिअरही दिसत असतात. बहुतेक जण ते पाहतच नाहीत, आणि खरी बातमी तिथेच असते.

यापुढचे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते रसायनशास्त्रातले आहे. लिथियम-आयन बॅटरी म्हणजे शेकडो लहान घटांची माळ. प्रत्येक घटात एका बाजूला लिथियम धरून ठेवणारे संयुग आणि दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचाच शुद्ध भाऊ. ग्रॅफाइट थराथरांचे असते, वहीच्या पानांसारखे. चार्ज करताना लिथियमचे आयन द्रवातून पोहत येतात आणि या पानांच्या फटींत शिरून बसतात. पूर्ण भरलेल्या ग्रॅफाइटमध्ये कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमचा एक, याहून दाटी होत नाही. बॅटरी रिकामी असते तेव्हा फटी मोकळ्या असतात, आयन येतील तसे आत जातात. भरत आली की काठावरच्या जागा गच्च होतात आणि नव्या आयनाला आत खोलवर सरकावे लागते. हे सरकणे मंद असते. त्याला कितीही जोर लावला तरी ते ठरावीक गतीनेच होते.

अशा वेळी जोर लावलाच, तर आयन पानांत शिरण्याऐवजी पृष्ठभागावरच धातू होऊन साचतात. याला लिथियमचा मुलामा म्हणावे. मुलाम्यात अडकलेल्या लिथियमचा बराचसा भाग पुन्हा कामाला येत नाही, म्हणजे बॅटरीची धारणक्षमता कायमची घटते. मुलामा सुईसारखा वाढत गेला तर आतला पडदा भेदून घटात शॉर्टसर्किटही होऊ शकते. घागर काठोकाठ आली की आपण नळाची धार बारीक करतो, तसेच बीएमएस करतो. मात्र घागर सांडली तर पाणीच वाया जाते. इथे घागरीलाच तडा जातो.

घटाच्या टोकांवरचे व्होल्टही एका मर्यादेपलीकडे जाऊ द्यायचे नसतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीच्या घटात ती मर्यादा साधारण ४.२ व्होल्ट, तर लिथियम-लोह-फॉस्फेट जातीत सुमारे ३.६५. ही मर्यादा गाठेपर्यंत अँपिअर चढे ठेवता येतात, गाठली की व्होल्ट तिथेच रोखून अँपिअर उतरवत न्यावे लागतात. ८० टक्क्यांच्या आसपास पडद्यावरचा आकडा घसरू लागतो तो त्यामुळे. काही गाड्यांत ही उतरण साठीतच सुरू होते, पायऱ्यापायऱ्यांनी.

लोह-फॉस्फेटचे प्रकरण आपल्याकडे विशेष, कारण भारतातल्या परवडणाऱ्या गाड्यांत हीच जात फार वापरली जाते. तिच्या मूळ शोधनिबंधावर, टेक्सास विद्यापीठातून १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, जॉन गुडइनफ यांच्या जोडीने अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही भारतीय नावे आहेत. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी २०१९ चे नोबेल पारितोषिक दोघांबरोबर वाटून मिळाले. या जातीचा घट स्वस्त, टिकाऊ आणि उष्णतेत तुलनेने शांत. पण त्याची एक खोड आहे: वीस टक्के भरलेला असो की सत्तर, त्याचे व्होल्ट जवळजवळ सारखेच. त्यामुळे आत नेमके किती आहे हे बीएमएसला व्होल्टवरून नीट कळत नाही, आत-बाहेर गेलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज दिवसागणिक थोडा थोडा चुकत जातो. म्हणून अधूनमधून पूर्ण शंभर टक्के भरा, असा सल्ला कंपन्या देतात. शंभराला पोचताना माळेतले मागेपुढे राहिलेले घट एका पातळीवर आणण्याचे कामही चालते. ते अगदी थेंबाथेंबाने होते, आणि ९८ वरून १०० व्हायला अर्धा तास लागला तर त्यात नवल नाही. हे काम घरच्या प्लगवर रात्री करण्याचे आहे. महामार्गावर, मागे दोन गाड्या थांबलेल्या असताना, ते करू नये.

थोडा हिशेब मांडू. ४०.५ युनिटांच्या त्याच गाडीत शेवटचे वीस टक्के म्हणजे आठ युनिट. उतरत्या टप्प्यात सरासरी १० किलोवॅट मिळाले असे धरले, तर पाऊण तास गेला. त्या आठ युनिटांत महामार्गावर गाडी साधारण ५० किलोमीटर जाईल. हेच आठ युनिट पुढच्या केंद्रावर, बॅटरी खालच्या टप्प्यात असताना, पंधरा-वीस मिनिटांत भरतात. कामरेजहून वडोदरा दीडशे किलोमीटरच्या आत आहे आणि ८० टक्क्यांवर निघालेली ही गाडी तिथे हाताशी थोडे राखून पोचते. ज्याला अहमदाबाद गाठायचे आहे त्याने कामरेजला शंभराची वाट पाहण्यापेक्षा इथे ८० ला उठावे आणि वडोदऱ्याला पुन्हा थोडा वेळ थांबावे. दोन थांबे असूनही प्रवास लवकर संपतो. ऐकायला हे उफराटे वाटते खरे.

आता उष्णता. युरोप-अमेरिकेतले लेखन वाचले तर मंद चार्जिंगचे मुख्य कारण म्हणून थंडी सांगितलेली दिसते. शून्याच्या आसपास आयनांचे सरकणे इतके मंदावते की मुलामा फार लवकर धरतो, म्हणून तिकडे गाड्या केंद्रावर पोचण्याआधी बॅटरी तापवून घेतात. कामरेजला जानेवारीच्या पहाटेही अशी थंडी पडत नाही. इथला शत्रू दुसरा आहे. मे महिन्यात भर दुपारी हवा चाळिशीला टेकलेली, डांबर त्याहून तापलेले, आणि मुंबईहून एका दमात आलेली गाडी. चालताना बॅटरीतून वीज बाहेर पडते तेव्हाही ती तापते. वाहत्या विजेने निर्माण होणारी उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: अँपिअर दुप्पट, तर उष्णता चौपट. तापलेली बॅटरी घेऊन आपण केंद्रावर येतो आणि लगेच आणखी तापवण्याचे काम सुरू करतो. तापमान ४५-५० अंशांच्या पट्ट्यात गेले की बहुतेक गाड्यांचा बीएमएस हात आखडता घेतो. आकडा ३० वरून २२ वर येतो तो पुष्कळदा इथेच.

बॅटरी थंड ठेवायला गाडीत द्रव खेळवलेला असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो द्रव गार करण्याचे काम प्रवाशांचा एसी चालवणारा काँप्रेसरच करतो. दुपारी खिडक्या बंद करून, एसी पूर्ण ताकदीवर ठेवून चौघे आत बसले, तर काँप्रेसरला दोन यजमान होतात. शिवाय तो जी एक-दोन किलोवॅट वीज खातो ती येणाऱ्या विजेतूनच जाते. सावलीत उतरून बसलेल्यांची गाडी लवकर भरते, हा अनुभव म्हणून खरा असतो. केवळ वेळ बरा जातो म्हणून तसे वाटते असे नाही.

तापतो तो चार्जरही. एसीचे डीसी करताना शंभरातले पाच भाग उष्णतेत गेले असे धरले, तर ६० किलोवॅट देणारे कपाट आत तीन किलोवॅटची शेगडी बाळगून असते. पंख्यांची घरघर तिच्यासाठी. पत्र्याचे छप्पर नसलेले, पश्चिमेच्या उन्हात उभे, जाळीवर महामार्गाची धूळ बसलेले कपाट स्वतःला वाचवण्यासाठी आपली शक्ती उतरवते. गनच्या मुठीतही तापमान मोजणारा संवेदक असतो. संपर्काच्या पिना झिजलेल्या किंवा मळलेल्या असल्या, तर तिथला रोध वाढतो, मूठ तापते आणि अँपिअर कमी केले जातात. मुठीवर ओला कपडा गुंडाळून संवेदकाला गंडवण्याचा एक सल्ला फिरत असतो. तो कोणी मानू नये. संवेदक थंड होईल, पण तापलेली पिन आत तशीच राहील.

कपाटाच्या आत बहुधा एकच यंत्र नसून अनेक घटक असतात, १५, २० किंवा ३० किलोवॅटचे एकेक, आणि त्यांची बेरीज म्हणजे पाटीवरचा आकडा. एक घटक बंद पडला तरी कपाट चालू राहते, फक्त अर्ध्या किंवा पाऊण ताकदीने. पाटी कोणी बदलत नाही. दोन गनच्या कपाटात तर वाटणीही असते. दोन्हींवर गाड्या लागल्या की ६० चे ३०-३० होतात. शेजारची गाडी ९५ टक्क्यांवर रेंगाळत ६ किलोवॅट घेत असली, तरी काही चार्जर तिचा हिस्सा मोकळा करून देत नाहीत. ती गाडी निघून गेल्यावर तुमचा आकडा एकाएकी वर चढतो. तिथे ९५ वर रेंगाळणाऱ्याने आपली तर आपली, दुसऱ्याचीही वेळ खाल्लेली असते.

उरला तो वीजजोडणीचा मुद्दा, म्हणजे मंजूर भाराचा. कामरेजला वीज पुरवते ती दक्षिण गुजरात वीज कंपनी. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीवरून रोहित्र आणि रोहित्रावरून केंद्र. ६० चे दोन चार्जर पूर्ण चालले तर आतली गळती धरून सव्वाशे किलोवॅट ओढले जातात. १०० केव्हीएच्या रोहित्राला ते झेपणारे नाही, आणि त्याच रोहित्रावर हॉटेलचे भटारखाने, शीतपेट्या आणि दिवेही असतात. मोठे रोहित्र बसवायचे तर खर्च येतो, शिवाय मोठ्या जोडणीवर ओढलेल्या विजेखेरीज कमाल मागणीसाठी वेगळा आकार महिन्याला भरावा लागतो, गाड्या येवोत न येवोत. दिवसाला पाच-सात गाड्या येणाऱ्या केंद्राला ते परवडत नाही. तेव्हा मालक पाटी ६० ची लावतो आणि यंत्रात मर्यादा ४० ची घालतो. याला फसवणूक म्हणावे का? मला वाटते, मर्यादा पाटीवर लिहिली तर नाही, लपवली तर होय. आपण जे घेतो ती सेवा आहे असे सरकारनेच ठरवले आहे, मग सेवेचे माप दाराशी लिहिलेले असावे, ही अपेक्षा गैर नाही.

एवढे कळल्यावर केंद्रावर उभे राहून कारण ओळखता येते. सुरुवातीलाच आकडा कमी असेल, बॅटरी तीस-चाळीस टक्क्यांवर असेल आणि अँपिअर एका ठरावीक आकड्यावर चिकटून बसले असतील, तर मर्यादा चार्जरची किंवा वाटणीची असण्याचा संभव जास्त. सुरुवात चांगली होऊन दहा-पंधरा मिनिटांत आकडा पडला, तर उष्णता. साठ-ऐंशीच्या पुढे हळूहळू उतरत गेला, तर रसायन, आणि त्यावर इलाज नाही. आकडा खाली-वर नाचत असेल, तर वाहिनीतला दाब डळमळीत असेल किंवा शेजारच्या गनवर चढ-उतार चालला असेल. तक्रार नोंदवायचीच तर वेळ, टक्के, व्होल्ट, अँपिअर आणि शेजारची गन चालू होती की नाही, हे पाच तपशील पडद्याच्या छायाचित्रासह द्यावेत. "फार स्लो आहे" या तक्रारीवरून तंत्रज्ञाला काहीच उमगत नाही. पाच आकड्यांवरून तो न येताही सांगू शकतो की एक घटक बंद पडला आहे.

नवी गाडी घेणाऱ्याने दुकानात विचारायचा प्रश्नही यातून निघतो. "जास्तीत जास्त किती किलोवॅट घेते?" असे विचारले की शिखराचा आकडा सांगितला जातो, आणि तो शिखरावर दोन-चार मिनिटेच टिकत असेल. "१० ते ८० टक्के किती मिनिटांत, आणि कोणत्या चार्जरवर?" असे विचारावे. मग सत्तर टक्क्यांची युनिटे त्या मिनिटांनी भागून ६० ने गुणली की सरासरी शक्ती हाती येते. तो आकडा वर्षानुवर्षे तुमच्या प्रवासाला पुरणारा आहे. गावातल्या गावात फिरणाऱ्याला, रात्री घरी प्लग लावणाऱ्याला त्याचे काही महत्त्व नाही. महिन्यातून चारदा नंदुरबार किंवा धुळे करणाऱ्याला मात्र बॅटरीच्या आकारापेक्षा तोच आधी पाहावा लागेल.

कामरेजला पोचल्यावर गन उचलण्याआधी केंद्रावरच्या पोऱ्याला गुजरातीत एवढे विचारून घ्यावे: "भाई, बीजी गन चालू छे?" तो 'हा' म्हणाला आणि त्या गनवरची गाडी नव्वदीच्या घरात असेल, तर पाच मिनिटे चहा घेऊन मग लावलेली बरी. तेवढ्यात ती निघते, आणि आपली बॅटरीही दोन अंश निवते.